लिहायला विषय बाजारात सापडतो

भाऊ, विषय संपले म्हणतोस, तर आठवडी बाजारात तासभर नुसता ऐकत बस. लोक एकमेकांना जे विचारतात, तोच तुझा विषय. कापसात ओलावा ८ टक्क्यांवर गेला की सरकारी खरेदीत भाव का कापतात? आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी, संत्री का गळतात? एकच प्रश्न घे, पण खोल जा. फरदडीचंच, म्हणजे लांबवलेल्या कापसाचंच बघ: डिसेंबरनंतरही पऱ्हाटी (कापसाची झाडं) उभी ठेवली की गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं, अन् ती पुढच्या हंगामात उतरते. २०१७ साली ज्यांनी हे भोगलं, त्यांच्या बांधावर जा. यातूनच चार लेख निघतील. तान्हा पोळा (लाकडी बैलांचा मुलांचा सण), मोहफुलं दरवर्षीची. त्यावर महिनाभर आधीच लिहून ठेव. खिशात वही असू दे, ऐकलेले शब्द संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.