किल्ला दिसायला हवा, पण कुठून? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी लंडनला नोकरी करते, उन्हाळ्यात मी आणि ही दीड महिना तिच्याकडे राहून आलो. तिथे एक प्रचंड उंच काचेची इमारत बघितली, एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने खालपासून वरपर्यंत तिरकी कापल्यासारखी, तिथले लोक तिला चीजची किसणी म्हणतात. मुलगी म्हणाली बाबा, ते जुन्या चर्चचा घुमट दिसावा म्हणून तसं बांधलंय. मला काही पटलं नाही. एवढ्या महागाच्या जागेत कोण बिल्डर स्वतःहून जागा सोडेल? खरं काय आहे?
(निवृत्त शिक्षक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : सर, मुलगी अगदी बरोबर सांगतेय. त्या इमारतीचं नाव लेडनहॉल बिल्डिंग, २०१४ साली पूर्ण झाली, उंची २२५ मीटर. आणि बिल्डरने स्वतःहून सोडलं असं नाही म्हणता येणार, नियमाने सोडायला लावलं आणि मग आर्किटेक्टने त्यातूनच तिचा आकार काढला.

चर्च म्हणजे सेंट पॉल्स कथीड्रल, ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं, १७१० मध्ये पूर्ण झालेलं, १११ मीटर उंच. फ्लीट स्ट्रीट नावाचा जुना रस्ता आहे, त्याने पूर्वेकडे चालत गेलं की समोर घुमट येतो. लेडनहॉलची जागा त्या घुमटाच्याही पलीकडे आहे, म्हणजे ती इमारत घुमटाला झाकत नाही, पण सरळ डब्यासारखी बांधली असती तर घुमटाच्या मागून डोकं काढून उभी राहिली असती. आता तुम्ही म्हणाल मागे काहीतरी दिसलं तर काय बिघडलं, तर बिघडतं ना, घुमट ओळखू येतो तो त्याच्या कडेवरून आणि कड दिसायला मागे मोकळं आकाश लागतं. आपल्या अजिंक्यताऱ्याचंच बघा, संध्याकाळी पोवई नाक्यावरून मान वर केली की डोंगराची रेघ आभाळावर उमटलेली असते म्हणून तो अजिंक्यतारा वाटतो, त्या रेघेच्या जरा वर कुणाची पाण्याची टाकी आली की नजर आधी टाकीवर जाते.

म्हणून त्यांनी इमारतीची दक्षिणेची बाजू मागे झुकवली. प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा पाऊण मीटरने आखूड. ऐकायला सोपं वाटतं पण याने आतला सगळा हिशोब बदलतो. नेहमीच्या टॉवरमध्ये लिफ्ट, जिने, संडास-बाथरूम, पाइप असं सगळं मध्यभागी एका खांबासारखं एकत्र घेतात आणि बिल्डिंगला ताठ धरायचं बरंचसं कामही तोच गाभा करतो. इथे मजले वर वर आखूड होत गेले तर तो मधला गाभा वरच्या मजल्यांच्या मधे उरणारच नाही. मग त्यांनी लिफ्ट वगैरे सगळं उचलून उत्तरेला वेगळ्या मनोऱ्यात नेलं आणि वाऱ्याशी झुंजायचं काम बाहेरच्या स्टीलच्या मोठ्या सांगाड्यावर टाकलं, जो काचेतून तुम्हाला दिसला असेल. शिवाय खाली साधारण सात मजले उंचीची जागा उघडी, लोकांना ये-जा करायला. मला स्वतःला ही इमारत फार आवडते, आणि आवडते ती याचसाठी की एका जुन्या घुमटासमोर तिने वाकायचं ठरवलं आणि त्या वाकण्याने तिचं सगळं हाडबीड बदललं. शेजारी स्काल्पेल नावाची दुसरी आहे, २०१८ ची, तीही याच कारणाने तिरकी.

हा नियम आला कुठून तेही सांगते. १९३३ मध्ये तिथे टेलिफोन एक्स्चेंजची एक अवजड इमारत झाली, फॅरडे बिल्डिंग, आणि नदीवरून बघताना सेंट पॉल्स तिच्यामागे जायला लागलं. लोक हळहळले. तेव्हा कथीड्रलची देखभाल बघणारे गॉडफ्री ॲलन यांनी आजूबाजूच्या सगळ्या भागाचे चौकोन पाडून कुठे किती उंच चालेल ते आकडे काढले. गंमत नाही, किती तरी वर्षं हे आकडे कायदा नव्हतेच, नुसत्या सामंजस्यावर पाळले गेले, रीतसर प्लॅनमध्ये ते १९८० च्या दशकात शिरले. आता पूर्ण लंडनसाठी अशा दृश्यांची यादी आहे, सत्तावीस दृश्यं. त्यातलं सगळ्यात लांबचं रिचमंड पार्कमधल्या एका उंचवट्यावरून, सुमारे सोळा किलोमीटरवरून! झुडपात मुद्दाम राखलेल्या फटीतून घुमट दिसतो. सोळा किलोमीटर म्हणजे सरळ रेषेत मोजलं तर साताऱ्यातून सज्जनगडही एवढा लांब नाही. आणि एवढं सांभाळूनही २०१६ मध्ये लोकांना दिसलं की घुमटाच्या मागे, कितीतरी किलोमीटर पलीकडे स्ट्रॅटफर्डला एक टॉवर उभा राहतोय तो बरोबर त्या फटीत येतोय. खूप ओरड झाली, पण तोवर टॉवर वर आला होता.

प्रश्न : मी सांगलीत सिव्हिल डिप्लोमाला आहे. हे लोक उंचीची लिमिट काढतात कशी? म्हणजे एखादा फॉर्म्युला असतो का? आयर्विन पुलावरून गणपती मंदिराचं शिखर असं धरलं तर कसं काढायचं?
(विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : फॉर्म्युला दहावीचाच, समरूप त्रिकोण. बघणाऱ्याच्या डोळ्यापासून जे दिसायला हवं त्याच्या खालच्या कडेपर्यंत सरळ दोरी ताणली असं समज, त्या दोरीला मधलं कुठलंही घर शिवता कामा नये. एवढंच.

खोटे आकडे घेऊन करूया, खरे तू लेव्हलिंग करून काढ, कॉलेजात मशीन असेलच. समजा पुलावर तुझा डोळा समुद्रसपाटीपासून ५५० मीटरवर, शिखराचा जेवढा भाग दिसायला हवा त्याची खालची कड ५८० वर, मधलं अंतर १२०० मीटर. म्हणजे १२०० मीटरमध्ये दोरी ३० मीटर चढते. तुझ्यापासून ४०० मीटरवर ती १० मीटर चढलेली असेल, म्हणजे ५६० वर, ८०० मीटरवर ५७० वर. आणि १०० मीटरवर? फक्त अडीच मीटर. म्हणजे बघणाऱ्याच्या जवळचं बैठं घरसुद्धा दृश्य खातं आणि लांबचं सहा मजली चालून जातं. उंच इमारतींवर सरसकट बंदी असा याचा अर्थ होतच नाही, कुठे किती एवढंच ठरतं, आणि लोक वाद घालताना नेमकं हेच विसरतात.

दुसरी गोष्ट, लिमिट नेहमी समुद्रसपाटीपासून लिहायची, जमिनीपासून नाही. ५६० ची लिमिट आहे आणि जमीन ५४८ वर आहे तर तुला बारा मीटर मिळाले, चार मजले. जमीन ५५३ वर असेल तर सात मीटर, दोन मजले. सांगलीत तर हे जास्तच महत्त्वाचं, २०१९ च्या पुरानंतर लोक प्लिंथ वर घेतात, खाली नुसतं पार्किंग ठेवतात, ते करायलाच हवं, पण मग "चार मजले" असा नियम लिहिला तर प्रत्येकाचे चार मजले वेगवेगळ्या उंचीला संपतात. मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून लिहिलं की प्रश्न मिटला.

आणि तू पूल निवडलास ते फार बरोबर निवडलंस. पुलाच्या पुढे नदी असते आणि नदीत कुणी बिल्डिंग बांधत नाही, म्हणजे ते सगळ्यात नाजूक पहिले शंभर-दोनशे मीटर आपोआप मोकळे. लंडनच्या यादीतही म्हणूनच टेकड्या आणि पूल आहेत, प्रिमरोज हिल, पार्लमेंट हिल, ग्रीनिच, वॉटर्लू ब्रिज. त्यात दोरी एकटी नसते बरं का, घुमटाच्या रुंदीएवढी एक पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंना थोडी सैल पट्टी, आणि घुमटाच्या मागचा भाग, वर सांगितलं तसं आकाशासाठी. तीन पट्ट्या आणि तीन वेगळे नियम.

प्रश्न : हे परदेशातले लाड झाले. इकडे लोकांना राहायला घर परवडत नाही आणि तुम्ही देखावे सांभाळा म्हणता. मजले कमी झाले की फ्लॅट महागच होणार ना?
(वाचक, कराड)

उत्तर : महाग होऊ शकतात, हो. तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. कॅनडात व्हँकुव्हरने १९८९ मध्ये शहरातून पलीकडचे डोंगर दिसावेत म्हणून असेच मोकळे ठेवायचे पट्टे आखले, आणि २०२४ मध्ये तिथल्या कौन्सिलने घरांच्याच कारणासाठी त्यातले काही सैल केले. सगळे काढून टाकले नाहीत, तपासले आणि काही सैल केले. लिहिलेलं होतं म्हणून तपासता आलं आणि सैलही करता आलं.

उलटंही होतं. जर्मनीत कोलोन कथीड्रलसमोर नदीपलीकडे टॉवर यायला लागले तेव्हा २००४ मध्ये युनेस्कोने त्याला धोक्यात आलेल्या जागतिक वारशाच्या यादीत टाकलं, उंच्या कमी केल्या तेव्हा २००६ मध्ये बाहेर काढलं. व्हिएन्नाचं जुनं शहर २०१७ पासून त्या यादीत आहे, तेही टॉवरच्याच प्लॅनमुळे. आपल्याकडे २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात आले, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे, तेव्हा हा विषय फक्त परदेशातला राहिलेला नाही. आणि छोट्या शहरात मजले कमी पडायचं कारण बहुतेक वेळा देखावा नसतोच, रस्ता अरुंद असतो.

प्रश्न : गोडोलीत आमचं घर आहे. पंचवीस वर्षं गॅलरीत चहा घेताना समोर अजिंक्यतारा. आता समोरच्या प्लॉटवर सात मजली स्कीम येतेय. माझ्या सासूबाई तर रोज तिकडे बघून नमस्कार करतात. कोर्टात जाता येईल का?
(गृहिणी, गोडोली, सातारा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पण खोटी आशा दाखवत नाही, देखाव्यासाठी कोर्टात जाऊन उपयोग नाही. इंग्लंडमध्ये १६१० साली ऑल्ड्रेड नावाच्या माणसाचा खटला झाला, शेजाऱ्याने घराला लागून डुकरांचा गोठा बांधला म्हणून. वासासाठी त्याला न्याय मिळाला, पण त्याच निकालात असं आलं की उजेड आणि हवा ही गरज आहे, देखावा हा नुसता आनंद आहे, आनंदासाठी दावा करता येत नाही. आपला १८८२ चा सुविधाधिकार कायदा त्याच वळणाचा. खिडकीतून येणारा उजेड आणि हवा वीस वर्षं अखंड उपभोगली असेल तर त्याचा हक्क सांगता येतो, डोंगर दिसण्याचा नाही. तेव्हा उजेड फारच अडत असेल तर वकिलांना तेवढं जरूर विचारा.

कुणी तुम्हाला पुरातत्त्वच्या नियमाचंही सांगेल. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन, २०१० च्या दुरुस्तीने ते आलं. पण ते अंतर जमिनीवर मोजतात. स्मारकाजवळ काय बांधलं जातंय हे त्यात बघतात, गावातून स्मारक दिसतं का हे त्यात नाही. गोडोली किंवा सदरबझारातल्या इमारतीला त्याने काही होणार नाही.

मी लहान असताना आमच्या शाळेच्या मैदानातून पूर्ण किल्ला दिसायचा, तट सुरू कुठे होतो आणि कडा कुठे संपतो ते आम्ही पाटीवर काढायचो. आता त्या जागी एका कॉम्प्लेक्सची मागची भिंत आणि ड्रेनेजचे पाइप दिसतात. मी पुढे जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं की कुणी एकही नियम मोडलेला नव्हता, मोडायला नियमच नव्हता. मला ते अजून लागतं.

तुमच्या एकटीच्या गॅलरीचं दृश्य वाचवता येत नाही, पण सगळ्यांच्या जागेवरून दिसणारं वाचवता येतं. लंडनच्या यादीत कुणाच्या घराची गॅलरी नाही, सगळ्या जागा सार्वजनिक. आपला १९६६ चा नगररचना कायदा विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि निसर्गसुंदर जागा जपायची तरतूद करू देतो, आणि आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात. हद्दवाढ झालीय, शहर पसरतंय, उंच स्कीम येतच राहणार. तेव्हा लिहून द्यायचं ते "किल्ला वाचवा" असं नको, त्याचं कुणी काही करू शकत नाही. "पोवई नाक्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून अजिंक्यताऱ्याची पूर्ण कड दिसली पाहिजे" असं द्या, जागा आणि उंची सांगून. मी स्वतः तीन जागा धरून बसलेय, पोवई नाका, राजवाड्यासमोरचं गांधी मैदान, आणि तिसरी चार भिंती हे स्मारक, पण चार भिंतीवरून उलटं, गडाच्या उतारावरून खाली गाव आणि समोर यवतेश्वराचा डोंगर.

तुमच्या सासूबाईंना विचारा ना, लहानपणापासून किल्ला कुठून कुठून दिसायचा ते. आणि इतर वाचकांनीही पाठवा, आम्ही इथे छापू. फोटो काढताना मोबाइल डोळ्याच्या उंचीवर धरा, झूम करू नका, आणि सोबत कुठे उभं राहून काढला ते नीट लिहा, तारखेसकट.