कुलूप कोणाला अडवते?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

चोपड्याच्या एका मुलाने ‘वॉरक्राफ्ट ३’ या संगणकावरच्या युद्धखेळासाठी तू रचलेल्या नकाशावर, म्हणजे त्या खेळातल्या तुझ्या रणभूमीवर, स्वतःचे नाव घालून तो मित्रांत वाटला, म्हणून यापुढे प्रत्येक नकाशाला कुलूप लावायचे तू ठरवले आहेस आणि त्यावर माझी संमती मागतो आहेस. संताप योग्य आहे; संमती देणार नाही. कुलपाने चोर अडत नाही, शिकणारा अडतो.

‘वॉरक्राफ्ट ३’च्या नकाशाला कुलूप लावायचे म्हणजे काय, हे तू नीट पाहिले आहेस का? ज्यात नकाशे रचतात त्या एडिटरला ट्रिगर, म्हणजे ‘हे घडले की ते कर’ असे नियम, दाखवण्यासाठी लागणारी डब्ल्यूटीजी फाइल काढून टाकायची आणि त्याच नियमांची खेळाला लागणारी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्टची फाइल, तेवढी ठेवायची. नकाशा चालतो, पण एडिटरमध्ये धडपणे उघडत नाही. आता ती स्क्रिप्ट खेळाला वाचता यावीच लागते आणि खेळाला जे वाचता येते, ते खटपट्या माणसाला बाहेर काढता येतेच. खेळात लबाडीने जिंकण्यासाठी फसवे कोड घुसवणारे लोक थेट त्या स्क्रिप्टमध्येच हात घालत, त्यामुळे कुलूपबंद नकाशेही त्यांच्यापासून सुटले नाहीत. पडद्यावरचे नाव बदलायला तर ट्रिगर उघडावेही लागत नाहीत. मग तुझे कुलूप नेमके कोणाला अडवते?

मला अडवले असते. भुसावळच्या सायबर कॅफेत मी नकाशे करू लागलो, तेव्हा माझा प्रत्येक नकाशा अर्ध्या तासाने रखडू लागे आणि कारण काही केल्या सापडत नसे. एका अनोळखी माणसाचा उघडा नकाशा चाळताना मला ट्रिगरच्या शेवटी ‘रिमूव्ह लोकेशन’ अशी ओळ दिसली, पुढच्या ट्रिगरमध्ये पुन्हा तीच. सैन्य कोठे उतरवायचे तो बिंदू खेळ दर वेळी नव्याने तयार करतो आणि आपण तो पुसला नाही, तर तो मेमरीत तसाच साचत राहतो, हे मला त्या ओळीने शिकवले. तो माणूस कोण होता, हे मला आजही माहीत नाही.

याच खेळाच्या ‘डोटा’ या गाजलेल्या नकाशाचे उदाहरण तुला तोंडपाठ असेल. २००३ मध्ये यूल या टोपणनावाच्या माणसाने केलेला नकाशा इतरांनी आपापल्या परीने वाढवला, गिन्सू या टोपणनावाच्या नकाशाकाराच्या हातून पुढे तो आइसफ्रॉग या दुसऱ्याकडे गेला आणि २०१३ मध्ये ‘डोटा २’ हा स्वतंत्र खेळ आला. पुढच्या आवृत्त्यांना कुलूप होते, असे तू म्हणशील. असेल, पण पहिल्याच माणसाने काम मुठीत धरून ठेवले असते, तर पुढच्यांनी कुलूप तरी कशाला लावले असते?

आणि मालकीची भाषा जरा जपून वापर. २०२० मध्ये ‘रिफोर्ज्ड’ ही या खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा खेळाडूंनी केलेले नकाशे कंपनीच्याच मालकीचे राहतील, अशी अट खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने घातली. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना तू कुंपण घालत बसला आहेस.

माझाही एक नकाशा दुसऱ्याच्या नावाने फिरला आणि माझ्या नावाने जितका खेळला गेला त्याहून अधिक खेळला गेला. बोचले; आजही बोचते. घरचे मला भोळसट म्हणतात, म्हणोत बापडे. माझी मूळ प्रत हार्डडिस्कबरोबर गेली आणि आज तो नकाशा शिल्लक आहे, तो त्या उचलेगिरी करणाऱ्याने जपलेल्या प्रतीतच. नाव त्याचे असले, तरी ट्रिगरमधल्या माझ्या मराठी टिपा जशाच्या तशा आहेत, कारण त्या पुसण्याइतकाही त्याने तो वाचलेला नाही. हे मी मनाचे समाधान करून घेतो आहे, असे तुला वाटले तर खुशाल वाटू दे. शिकणारा अडवायचा नाही, यावरून मी हटणार नाही.

नावाची काळजी असेल, तर ते नकाशाच्या वर्णनात घाल, ट्रिगरच्या टिपांत घाल, प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपून ठेव आणि त्या मुलाला चारचौघांत जाब विचार. मात्र त्याआधी एक कर. तुझ्या नकाशात तापीच्या पुरात सैनिक वाहून जातात, ती करामत तू कोणाच्या तरी उघड्या नकाशातून घेतली आहेस, हे खेळताना माझ्या लगेच लक्षात आले. त्या माणसाचे नाव मला तुझ्या पडद्यावर कुठे दिसले नाही. ते आज रात्री घाल, मग चोपड्याला जाऊ. मी तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
जळगावचा काका