शनिवार मोकळा ठेवण्यासाठी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

गुड फ्रायडेला काय करायचे ते ठाऊक आहे, ईस्टरला काय करायचे तेही ठाऊक आहे, पण मधल्या शनिवारचे काय, असे तू विचारलेस. घर वसईला, नोकरी अंधेरीत, खोली मरोळला. हा आठवडा तू पहिल्यांदाच घरच्यांशिवाय काढणार आहेस. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या तेविसाव्या अध्यायाचा शेवट वाच. गालीलाहून आलेल्या बायांनी येशूची कबर पाहिली, देह कसा ठेवला ते पाहिले, परत येऊन सुगंधी द्रव्ये आणि तेले तयार केली, आणि मग शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला म्हणून त्या स्वस्थ राहिल्या. पवित्र शनिवार तो हाच. तयारी झालेली आहे आणि तरीही थांबायचे आहे. आपल्याला हे जमत नाही, कारण आपली तयारीच शनिवारी सकाळी बाजाराची पिशवी घेऊन सुरू होते. शनिवार खरोखर मोकळा हवा असेल, तर आदल्या मंगळवारी कामाला लागावे लागते.

मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेच्या मिठाईची, ईस्टरची अंडी मंगळवारी रात्री कर. एकटीला आणि चार घरी वाटायला २५० ग्रॅम काजू, तेवढीच पिठीसाखर, एका अंड्यातले पांढरे आणि दोन छोटे चमचे गुलाबपाणी पुरे. काजू फ्रीजमधले असतील तर आधी तासभर बाहेर ठेव, नाहीतर मिक्सरमध्ये दमट होऊन चिकटतात. दळताना मिक्सर सलग चालवू नकोस. थांबत थांबत फिरव, कारण भांडे तापले की काजूला तेल सुटते आणि तेल सुटलेल्या गोळ्याला आकार धरत नाही. सगळे जाड बुडाच्या भांड्यात एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहा. दहा-पंधरा मिनिटांत गोळा कडा सोडू लागतो. चिमूटभर बाहेर काढून निवू दे आणि बोटांत वळून बघ: चिकटले तर अजून कच्चे आहे, तडे गेले तर जास्त झाले. जास्त झालेल्यात गुलाबपाण्याचे थेंब टाकून मळले की बहुतेक वेळा सुधारते. साच्याला आधी पिठीसाखर भुरभुरव. अर्धी अंडी जोडताना पांढऱ्याचे बोट पुरते. रात्रभर पंख्याखाली वाळव आणि मग डब्यात भर. फ्रीजमध्ये ठेवू नकोस. मुंबईच्या एप्रिलमध्ये फ्रीजमधून काढलेल्या अंड्याला लगेच घाम फुटतो आणि वरची नक्षी ओघळते.

सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण, करणार असशील तर बुधवारी. व्हिनेगरमुळे ते मुरते आणि रविवारपर्यंत चवीला चढते. मीठ आणि आंबटपणा मात्र बुधवारीच चाखून घे, कारण शुक्रवारी मांस वर्ज्य आहे आणि झाकण उघडून ‘नुसते बघण्याचा’ मोह नको. घर झाडणे, साडीला इस्त्री, घरच्यांसाठीच्या भेटी, हे सगळेही बुधवारपर्यंत. पापनिवेदनालाही, म्हणजे फादरांपुढे पापे कबूल करायलाही, बुधवारपर्यंतच जाऊन ये. शनिवारी पापनिवेदन करता येते, पण शेवटच्या दिवशी रांग मोठी असते, आणि मागच्याला उशीर होतो म्हणून आपण दोन वाक्यांत आटपतो.

ऑफिसचे आधी बघ. गुड फ्रायडेला सुट्टी असते, शनिवारला ती मिळेलच असे नाही. २०२६ मध्ये हा शनिवार ४ एप्रिलला, महिन्याचा पहिला, म्हणजे बँकाही चालू. २०२७ मध्ये तो २७ मार्चला, चौथा शनिवार. रजा मिळाली तर घे. नाही मिळाली तर जाताना लोकलमध्ये कानात काही घालू नकोस आणि डबा एकटीने खा. तेवढ्यानेही दिवसाचा ताल टिकतो.

आता खुद्द दिवस. गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे मुख्य उपासनेनंतर, वेदीवरची वस्त्रे काढलेली असतात. त्याच मिस्सातल्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटा गप्प झालेल्या असतात. काही ठिकाणी त्यांच्या जागी लाकडी खटखटा वाजवतात. शनिवारी दिवसभर मिस्सा नाही, लग्न नाही. मरणाच्या दारात असलेल्याखेरीज कुणाला ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, दिले जात नाही. पवित्र पाण्याची भांडी बहुतेक ठिकाणी कोरडी असतात. सकाळी सात-साडेसातला, ऊन तापायच्या आत, चर्चमध्ये जाऊन अर्धा तास बस. सवयीने तुझा हात पाण्याच्या भांड्याकडे जाईल आणि कोरडा परत येईल. ख्रिस्तशरीर ठेवायच्या पेटीचे, मंजुषेचे, दार उघडे आणि आत काही नाही. तिथे जपमाळ काढून ही पोकळी भरायची घाई करू नकोस. चर्चने ती मुद्दाम राखली आहे. नुसती बघ.

उपवासाबद्दल गोंधळ फार आहे. १८ पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत गुड फ्रायडेचा उपवास बंधनकारक आहे. शनिवारी तो चालू ठेवावा अशी शिफारस आहे, सक्ती नाही. आपल्या भोवतालच्या उपवासांत काय खायचे याचा नियम असतो, इथे मुख्य नियम किती खायचे याचा आहे: एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळा थोडेसे, जे दोन्ही मिळून जेवणाइतके होऊ नये. साबुदाण्याची खिचडी ताट भरून खाल्ली तर तो हा उपवास नव्हे. सकाळी पेज कर: पाव वाटी उकडा तांदूळ, पाच-सहा वाट्या पाणी, पाऊण तास मंद आच, शेवटी मीठ. पाणी भरपूर पी, त्याने उपवास मोडत नाही. नेहमीचा चहा एकदम तोडू नकोस. दुपारपर्यंत डोके ठणकते, मग चिडचिड होते आणि दिवस प्रार्थनेऐवजी डोकेदुखीत जातो. औषधे चालू असतील, आजार असेल, तर नेहमीसारखे जेव. त्यात कमीपणा नाही.

फोन शुक्रवारी रात्रीच कपाटात ठेव. घरच्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर संध्याकाळपर्यंत ते घाबरतील. फोन बंद करण्यापेक्षा निरोपांचे जग बंद करणे महत्त्वाचे आहे, कारण ‘हॅपी ईस्टर’ची चित्रे शनिवारी सकाळपासूनच यायला लागतात आणि वाट बघणे तिथेच संपते.

दुपार सगळ्यात अवघड. ती तीन भागांत काढ. आधी वाचन: मत्तय २७ मधला कबरीवरच्या पहाऱ्याचा भाग आणि योहान १९ चा शेवट. योहानात निकदेम गंधरस आणि अगरू घेऊन येतो, शंभर लित्रा (तेव्हाचे वजनाचे माप), आजच्या मापाने तीसेक किलो. एवढे ओझे उचलून आणणारा माणूस तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानाच्या आशेने आलेला नाही; त्याच्या लेखी सगळे संपले आहे, आणि तरी तो येतो. याच्यावर थांब. मग स्तोत्र ८८. ते अंधारातच संपते, आशेच्या ओळीवर येत नाही. आज तेच हवे.

नंतर वही. वीस मिनिटे, पेनाने. या वर्षात तुझ्याजवळचे काय मेले ते लिही: माणसे, मैत्री, एखादा ठरवलेला मार्ग. नावानिशी लिही. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, पाचव्या मिनिटाला पान संकल्पांच्या यादीत बदलते: रोज प्रार्थना करीन, राग आवरीन. ते राखेच्या बुधवारचे, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाचे, काम होते, ते संपले. दुसरी, स्वतःला झोडपणे. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेत पश्चात्ताप करून झाला आहे. शनिवारी फक्त जे कबरीत आहे ते कबरीत आहे असे म्हणायचे. झोप आली तर झोप.

मग ऊन उतरल्यावर, साडेपाचनंतर, बाहेर पड. शक्य असेल तर दफनभूमीत जा, शिवडीला किंवा तुमच्या माणसांच्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्यांच्या चर्चच्या आवारात. मुंबईत जागा अपुरी, त्यामुळे अनेकांच्या अस्थी आता भिंतीतल्या कोनाड्यांत आहेत. तिथेही उभे राहता येते. नाहीतर गावठाणातल्या क्रूसांपर्यंत चालत जा. मरोळला आहेत, वांद्र्याला रणवार-चिंबईत आहेत, माझगावच्या माथारपाखाडीत आणि गिरगावच्या खोताच्या वाडीतही आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत असे बरेच क्रूस उभे राहिले. घराघरातून प्रेत निघत असताना लोकांनी ते बांधले आणि त्यांच्यापुढे रोज प्रार्थना केली. शनिवार म्हणजे काय ते त्या लोकांना समजावून सांगावे लागले नसते.

तुझी खोलीतली मैत्रीण नगरकडची, मराठी मंडळीतली, म्हणजे आपल्यासारखी कॅथलिक नव्हे, प्रोटेस्टंट. त्यांच्याकडे शुक्रवारी येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना आणि रविवारी पहाटेची प्रार्थना असते, शनिवारी बहुधा काही नसते. तिला आग्रह करू नकोस, पण चालायला येतेस का एवढे विचार.

आणि वसईहून कुणी म्हणाले की पूर्वी शनिवारी दुपारीच सण सुरू व्हायचा, तर ते बरोबर आहे. १९५५ च्या सुधारणेआधी ईस्टरच्या जागरणाचा विधी, जो आता शनिवारी रात्री होतो, शनिवारी सकाळीच उरकत, घंटा तेव्हाच वाजत आणि उपवास दुपारी बाराला सुटे. शनिवारी दुपारी पीठ मळायला घेण्याची जुन्या घरांची सवय त्या काळातली आहे. पोप पायस बाराव्यांनी विधी परत रात्री नेला, तेव्हा हा दिवस आपल्याला परत मिळाला. मला तो बदल फार मोलाचा वाटतो.

जागरणाची वेळ चर्चच्या फलकावर बघ. अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नाही, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नसल्याने पुष्कळ ठिकाणी साडेसात-आठलाच सुरुवात होते. अर्धा तास आधी पोच, म्हणजे बाहेर नव्या अग्नीजवळ उभे राहायला मिळेल. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या, मेणबत्तीवर क्रूस, वर्षाचे चार आकडे आणि धूपाचे पाच खडे कसे बसवतात ते मागून दिसत नाही. जुन्या करारातली सात वाचने असतात, कमी केली तरी तांबड्या समुद्राचे वाचन कधीच गाळत नाहीत. दोन-अडीच तास धर. हातातली मेणबत्ती एकमेकींवरून पेटवताना पेटलेली सरळ धर आणि न पेटलेली तिच्याकडे कलती कर. उलटे केले की शेजारणीच्या साडीवर मेण सांडते. पाणी न्यायला झाकणाची रिकामी बाटली घे, नवे पवित्र पाणी त्याच रात्री मिळते. परतीच्या रिक्षेचे दोघी-तिघींत आधीच ठरवून ठेव.

घरी आल्यावर केळे, एखादे मार्झिपान आणि कपभर दूध एवढेच घे. दोन दिवसांच्या हलक्या पोटावर मध्यरात्री सोरपोतेल बाधते. ते रविवारी दुपारी, माणसे आल्यावर काढ.

तुझी,
मावशी