तुमचे प्रश्न: काळ्या स्क्रीनवरचं चॅट

प्रश्न: दादा, घरच्यांनी सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिलाय, 2 जीबी रॅमचा, त्यावर लिनक्स टाकलंय पण ब्राऊजर उघडला की दोन टॅबमध्येच गार पडतो. कॉलेजातला सीनियर म्हणाला, "काय बे, ब्राऊजर कशाला, इरसी टाक अन् चॅनेलवर विचार." हे इरसी काय असतंय? अजून वापरतंय का कोण?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर: वापरतात की. इरसी म्हणजे आयआरसीचा (इंटरनेटवरचं जुनं, नुसत्या मजकुराचं चॅट) क्लायंट, म्हणजे त्यावर बोलायचा प्रोग्रॅम, सगळा कारभार टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या काळ्या स्क्रीनवर, फोटो नाही स्टिकर नाही, नुसत्या ओळी. त्यामुळं तुझ्या 2 जीबीत आरामात पळेल. आयआरसी 1988 चं, फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात जार्को ओयकारिनेननं सुरू केलेलं, आणि इरसी 1999 मध्ये टिमो सिराइनेननं लिहिलं, तोही फिनलंडचाच (डव्हकॉट हा मेल सर्व्हर लिहिणारा तोच, म्हणजे हात चांगला आहे माणसाचा). कोड सी मध्ये आहे, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली खुला, प्रोजेक्टसाठी वाचायला काढलास तरी चालेल.

पण इरसी टाकलं म्हणजे माणसं आली असं नाही, माणसं नेटवर्कवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या आयआरसी सर्व्हरांवर असतात. ओपन सोर्सवाली बरीच मंडळी लिबेरा चॅट नावाच्या नेटवर्कवर आहेत. मे 2021 मध्ये फ्रीनोड या जुन्या नेटवर्कच्या मालकीवरून भांडण झालं, तिथले चालवणारे बाहेर पडले आणि त्यांनी हे काढलं, म्हणून जुन्या माहितीत फ्रीनोड दिसलं तर पुढं सरक. उबंटूवर एप्ट या कमांडनं इरसी इन्स्टॉल कर, चालू कर, स्लॅश कनेक्ट लिहून सर्व्हरचं नाव, मग स्लॅश जॉईन लिहून हॅशसकट चॅनेलचं, म्हणजे विषयवार खोलीचं नाव. पोर्ट 6697 आणि टीएलएस (वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूप) वापर, 6667 वर सगळं उघडं जातं.

आणि आत गेल्यावर "हॅलो सर, एनीबडी देअर" टाकून बसू नको, कोणी ढुंकून बघत नाही. एररची ओळ, लिनक्सचं व्हर्जन, काय करून बघितलं, सगळं एकदम लिही आणि थांब. तिकडं युरोप-अमेरिकेतली माणसं जास्त, आपल्या सकाळी अर्धी झोपलेली असतात, संध्याकाळनंतर विचारलेलं बरं. उत्तर पाच मिनिटांत येईल नाहीतर दोन तासांनी.

प्रश्न: तेच तर दुखणं आहे, उत्तर येईपर्यंत आमच्याकडची लाईट जाते, राऊटर बंद, परत जॉईन झालो तर स्क्रीन कोरी. मधलं बोलणं कुठं बघायचं?
– एक वाचक, विडी घरकुल

उत्तर: बहुतेक नेटवर्कवर कुठंच नाही. सर्व्हर आलेली ओळ हजर असलेल्यांना वाटून देतो आणि विसरून जातो. म्हणून जुने लोक इरसी आपल्या लॅपटॉपवर चालवतच नाहीत, कायम चालू असलेल्या मशीनवर टीमक्समध्ये (तुम्ही बाहेर पडलात तरी आतला प्रोग्रॅम चालू ठेवणारं साधन) चालवतात. कंट्रोल-बी आणि मग डी दाबलं की तुम्ही बाहेर, इरसी आत जागंच. नंतर मोबाईलवरून टर्मक्स या टर्मिनलच्या ॲपमधून एसएसएच करून, म्हणजे लांबूनच त्या मशीनवर लॉगिन करून, टीमक्स अटॅच केलं की सगळं बोलणं समोर. घरात रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवायचा विचार असेल तर लाईट गेल्यावर तोही जाणार, त्याला आणि राऊटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा ऑनलाईन सर्व्हर घ्या. इरसीत ऑटोलॉग ऑन करून सेव्ह करायला विसरू नका, बोलणं फाईलमध्ये पडत राहतं.

प्रश्न: मराठी लिहिलं की जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडं जातात. इरसीत मराठी चालत नाही का?
– शिक्षिका, सात रस्ता

उत्तर: चालतं मॅडम, गडबड इरसीची नाही, टर्मिनलची आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठराविक चौकट देतं आणि आपली जोडाक्षरं त्या चौकटीत बसत नाहीत. मेसेज पलीकडं नीटच जातो, फक्त दिसतो वेडावाकडा. आधी कॅरॅक्टर सेट यूटीएफ-8 आहे का बघा, मग एमएलटर्म हा टर्मिनल वापरून बघा, तो वेगवेगळ्या लिप्या डोक्यात ठेवूनच केलेला आहे.

दुसरी अडचण मात्र आयआरसीची स्वतःची. एक मेसेज 512 बाईटचा, त्यातच चॅनेलचं नाव, तुमचं टोपणनाव सगळं आलं. देवनागरीत काना-मात्रासुद्धा वेगळा मोजला जातो आणि प्रत्येकाला 3 बाईट, म्हणजे इंग्रजी अक्षरांत 7 बाईटचं सोलापूर आपल्या लिपीत 21 चं होतं. ओळीत साधारण सव्वाशे-दीडशे खुणा मावतात. नवीन इरसी लांब ओळ आपणच तोडून पाठवतं, पण ती वाक्याच्या मधेच तुटू शकते, तेव्हा छोटी वाक्यं लिहिलेली बरी.

प्रश्न: कारखान्यातल्या शिफ्टवाल्या पोरांसाठी हे वापरावं म्हणतो, फुकट आहे आणि खासगी पण राहील.
– चादर कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर: नका वापरू. टीएलएस फक्त तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत, सर्व्हर चालवणाऱ्याला बोलणं वाचता येतं. शिवाय चादरीचा फोटो कसा पाठवणार? व्हॉट्सॲप ग्रुपच राहू द्या. आणि हौस म्हणून स्वतः वापरलंत तर एक सांभाळा, निकसर्व्हला (टोपणनावं सांभाळणारी नेटवर्कची सेवा) पासवर्ड देताना स्लॅशच्या आधी चुकून स्पेस पडली तर ती कमांड राहत नाही, अख्खी ओळ पासवर्डसकट चॅनेलवर जाते. त्यापेक्षा सॅसल, म्हणजे जोडतानाच आपोआप लॉगिन होण्याची सोय, एकदाच सेट करा, पासवर्ड दरवेळी टाईपच करायला नको.

प्रश्न: इरसी की वीचॅट?
– वालचंदचा माजी विद्यार्थी

उत्तर: पायथन येत असेल तर वीचॅट (चीनचं मोबाईल ॲप नव्हे, हाही टर्मिनलमधला आयआरसी क्लायंटच), 2003 चं आहे, माणसांची यादी बाजूला आयती दिसते, स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहिता येते, आणि त्यातली रिलेची सोय लावली तर मोबाईलच्या ॲपवरूनही तेच चॅट दिसतं. इरसीत स्क्रिप्टला पर्ल ही भाषा लागते. मला स्वतःला इरसीचा मोकळा स्क्रीन बरा वाटतो. फक्त काही टर्मिनलमध्ये ऑल्ट आणि आकडा दाबला की इरसीची खिडकी बदलायच्या ऐवजी टर्मिनलचाच टॅब बदलतो, तिथं एस्केप दाबून मग आकडा दाबा.