मेंदूतल्या व्हेंट्रिकल्सच्या (म्हणजे पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या) भिंतीवर जे छोटे स्पेशल अवयव असतात ते नक्की करतात काय?

यांना सर्कमव्हेंट्रिक्युलर ऑर्गन्स म्हणतात. एरवी ब्लड-ब्रेन बॅरियर रक्तातल्या बहुतेक गोष्टी मेंदूत शिरू देत नाही, पण मग रक्तात मीठ वाढलंय की काही विषारी आलंय हे मेंदूला कळणार कसं, तर तिसऱ्या आणि चौथ्या व्हेंट्रिकलच्या कडेला मोजक्या जागी हे बॅरियर ढिलं असतं, तिथल्या केशवाहिन्यांना चक्क बारीक छिद्रं असतात. मग सगळं आतल्या पाण्यात मिसळत नाही का? नाही, कारण तिथे टॅनिसाइट नावाच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून दार अडवून बसलेल्या असतात.

यांपैकी एक, एरिया पोस्ट्रेमा, चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळाशी आहे, रक्तात काही भलतं दिसलं की तो उलटीचा सिग्नल देतो (उंदरांना उलटी होतच नाही, तरी त्यांच्यातही हा असतो!). दुसरा, सबफॉर्निकल ऑर्गन, रक्तातलं अँजिओटेन्सिन 2 नावाचं हार्मोन ओळखून तहान लावतो.

सबकमिशरल ऑर्गन मात्र वेगळाच, तिथे बॅरियर शाबूत असतं आणि तो प्रोटीनचा एक लांब धागा सोडतो, रिसनर फायबर, जो बऱ्याच प्राण्यांत पार मज्जारज्जूच्या नळीत उतरतो. माणसात मोठेपणी हा अवयव जवळपास उरतच नाही.