अल्पखर्चाचा चित्रपट: कॅमेरा निवडण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की पूर्ण लांबीची पटकथा तयार आहे, एक घर आणि चार पात्रे एवढाच तिचा पसारा आहे, हाताशी मोजके पैसे आहेत. तेव्हा कॅमेरा कोणता घ्यावा, आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर तो आधी महोत्सवांना पाठवावा की थेट ओटीटीवर न्यावा. माझ्या मते यांपैकी दुसरा प्रश्न आधी सोडवायला हवा. चित्रपट कोणाला आणि कोणत्या मार्गाने दाखवायचा हे ठरले की कोणत्या कामाला किती पैसे लागतील हे आपोआप उलगडत जाते, आणि कॅमेऱ्याचा प्रश्न त्या हिशेबात अगदी लहान होऊन बसतो.

कमी पैशांतला चित्रपट चित्रीकरणाच्या काळात क्वचितच बुडतो. मनापासून काम करणारी माणसे जमली की चित्रीकरण कसेबसे का होईना, पण पार पडते. घोडे अडते ते त्यानंतर. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून डबिंग करावे लागते आणि त्यासाठी पैसे उरलेले नसतात. एका प्रसंगात मागे वाजणाऱ्या गाण्याची परवानगी घेतलेली नसते. एखाद्या कलाकाराचा करारच झालेला नसतो. म्हणून जमलेल्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा संकलन, ध्वनी, रंगसंस्करण, प्रदर्शनप्रत आणि प्रसिद्धी यांसाठी आजच वेगळ्या खात्यात टाकावा आणि चित्रीकरण कितीही ओढाताणीत आले तरी त्याला हात लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रॉबर्ट रॉड्रिग्ज यांचा ‘एल मारियाची’ (१९९२) सुमारे ७,००० डॉलरांत झाला हे उदाहरण नव्या दिग्दर्शकांना तोंडपाठ असते. परंतु प्रेक्षकांनी चित्रपटगृहात जी प्रत पाहिली, तिच्या ध्वनीवर आणि चित्रपटगृहांत चालणाऱ्या ३५ मिमी फिल्मवरील रूपांतरावर कोलंबिया या हॉलिवूड कंपनीने मूळ खर्चाच्या कित्येक पटींनी पैसे घातले होते, हा त्या हकिकतीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. ७,००० डॉलर हा चित्रीकरण करून चित्रपट दाखवण्याजोग्या अवस्थेत आणण्याचा खर्च होता. तो जगभरच्या पडद्यांवर नेण्याचा खर्च वेगळाच होता.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ (२०१५) आयफोन ५एसवर चित्रित झाला आणि मोठ्या पडद्यावर गेला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. आज साध्या कॅमेऱ्याचेही चित्र प्रदर्शनासाठी पुरेसे असते. जो कॅमेरा आपल्या छायाचित्रकाराच्या हातात बसलेला आहे आणि ज्याच्या फाइली आपल्या संकलकाचा संगणक न अडखळता चालवतो, तो घ्यावा. वाचलेले पैसे दिव्यांवर आणि त्याहून अधिक ध्वनीवर घालावेत.

ध्वनीवर मी मुद्दाम थांबतो, कारण इथेच नवख्या निर्मितीची पारख होते. किंचित धूसर किंवा दाणेदार चित्र प्रेक्षक शैली म्हणून स्वीकारतो, परंतु न कळणारा संवाद तो दोन मिनिटेही सहन करत नाही. आपली कथा एका घरात घडते, म्हणजे जागा निवडतानाच कान लावून बसणे आवश्यक आहे. चित्रीकरण ज्या वेळी होणार त्याच वेळी त्या घरात जावे, सर्वांनी शांत राहावे आणि रस्ता, पंखा, पंप, शेजारचा दूरचित्रवाणी संच, लिफ्ट यांपैकी काय काय ऐकू येते ते लिहून काढावे. फ्रिज चित्रीकरणाच्या वेळी बंद करावा लागतो. तो पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवण्याची पद्धत ध्वनिमुद्रकांमध्ये रूढ आहे, आणि ती खरोखर उपयोगी पडते. संवादासाठी बूम, म्हणजे लांब दांड्याला लावलेला माइक, पात्राच्या तोंडाच्या शक्य तितका जवळ, चौकटीच्या अगदी कडेला असावा, सोबतीला कपड्यांत लपवलेला लेपल माइक असावा आणि दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर नोंदवावेत. प्रत्येक जागी दृश्य संपल्यावर सर्वांना स्तब्ध उभे करून निदान अर्धा मिनिट त्या खोलीची निव्वळ शांतता नोंदवावी, कारण संकलनात दोन शब्दांमध्ये फट पडते तेव्हा ती ह्याच शांततेने बुजवता येते. तिथे पूर्ण नीरवता घातली तर आवाज तुटल्यासारखा वाटतो आणि प्रेक्षकाचे लक्ष कथेवरून उडते. पैसे देऊन एकच तंत्रज्ञ बोलावणे परवडणार असेल, तर तो ध्वनिमुद्रक असावा.

दिवसांच्या आखणीबाबत ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘फॉलोइंग’ (१९९८) या पहिल्या चित्रपटाची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. सर्वांच्या नोकऱ्या असल्यामुळे त्याचे चित्रीकरण मुख्यतः शनिवारी, सुमारे वर्षभर चालले. फिल्म महाग असल्यामुळे कलाकारांकडून इतक्या तालमी करून घेतल्या की एक-दोन टेकमध्ये दृश्य मिळावे. आज फिल्मचा खर्च नसला तरी वेळेचा खर्च तसाच आहे, आणि तालमीला लागतो तो फक्त वेळ, भाड्याची सामग्री नव्हे. मात्र रखडत चालणाऱ्या चित्रीकरणात केस, दाढी, वजन आणि घराच्या भिंतींचा रंग बदलतो, याचे भान ठेवून प्रत्येक प्रसंगाची छायाचित्रे काढून ठेवावीत.

आता कागदपत्रांकडे वळतो. कंटाळवाणे म्हणून हे काम पुढे ढकलले जाते आणि नंतर तेच सर्वांत महाग पडते. चित्रपटाचे हक्क म्हणजे एक साखळी असते: पटकथा लेखकाकडून निर्मात्याकडे, मूळ कथा दुसऱ्याची असल्यास तिच्या लेखकाकडून, प्रत्येक कलाकाराकडून, छायाचित्रकार व संकलकाकडून, संगीतकाराकडून, आणि जिथे चित्रीकरण केले त्या जागेच्या मालकाकडून. यांतला एक दुवा जरी कागदावर नसला तरी कोणताही जबाबदार वितरक चित्रपटाला हात लावत नाही. मित्रांमध्ये करार कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझा अनुभव असा की मैत्री टिकवण्यासाठीच एक पानी का होईना, पण लेखी करार चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी झालेला असावा. मानधन पुढे ढकलले असेल तर ते कोणत्या उत्पन्नातून, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर दिले जाईल हे त्यात स्पष्ट लिहावे.

संगीताच्या बाबतीत दोन स्वतंत्र परवानग्या लागतात: एक गाण्याच्या रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल यांची, आणि दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. दोन्हींचे मालक बहुधा वेगळे असतात. चार्ल्स बर्नेट यांनी ‘किलर ऑफ शीप’ हा चित्रपट विद्यापीठाचा प्रबंध म्हणून १९७७ मध्ये पूर्ण केला. त्याचा खर्च १०,००० डॉलरांच्या आत होता. त्यातील गाण्यांचे हक्क घेतलेले नसल्यामुळे तो रीतसर प्रदर्शित व्हायला २००७ उजाडले आणि त्या हक्कांसाठी सुमारे १,५०,००० डॉलर मोजावे लागले. मधल्या काळात तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट झाला होता, समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता, तरी सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याची वाट बंद होती. म्हणून संगीत नव्याने करून घ्यावे आणि त्याचे सर्व माध्यमांचे, सर्व प्रदेशांचे, कायमचे हक्क लेखी घ्यावेत. केवळ महोत्सवांपुरती स्वस्त परवानगी मिळते, पण ती घ्यायची झाल्यास पुढच्या हक्कांची किंमत त्याच करारात आधीच बांधून घ्यावी. चित्रपट गाजल्यानंतर ती विचारणे म्हणजे आपण होऊन नड दाखवणे होय.

प्रेक्षकाचा विचार पटकथेपासूनच करावा, असे मी म्हणतो तेव्हा कथा बदला असे मला म्हणायचे नाही. या कथेत कोणाचे जगणे आहे, ती माणसे कुठे एकत्र येतात आणि त्यांच्यापर्यंत कोणामार्फत पोहोचता येईल, एवढे लिहून काढावे. ‘सगळ्यांसाठी’ हे उत्तर असेल तर त्या उत्तरावरून प्रसिद्धीचा एकही रुपया नीट खर्च करता येत नाही. मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा या सामूहिक मंडळाने केरळमध्ये गावोगावी जाऊन चित्रपट दाखवले, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या पैशांतून ‘अम्मा अरियान’ (१९८६) केला. त्यात पैसा तर उभा राहिलाच, पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की चित्रपट पूर्ण होण्याआधीच त्याचा प्रेक्षक तयार होता आणि तो कुठे राहतो हे निर्मात्यांना ठाऊक होते. आजचा लोकवर्गणीचा मार्गही त्याच दृष्टीने पाहावा: ज्यांनी थोडी रक्कम दिली त्यांची यादी ही रकमेइतकीच मोलाची ठेव आहे.

महोत्सव की ओटीटी, याचे उत्तर क्रमात आहे. अनेक मोठे महोत्सव आपल्याकडे पहिले प्रदर्शन व्हावे अशी अट घालतात. चित्रपट एकदा सर्वांसाठी ऑनलाइन खुला झाला की ही संधी जाते आणि ती परत मिळत नाही, म्हणून आधी महोत्सव, मग विशेष खेळ किंवा चित्रपटगृहे, त्यानंतर पैसे भरून पाहण्याची सोय आणि शेवटी वर्गणीचे किंवा जाहिरातींवर चालणारे मंच, हा क्रम बहुतेक छोट्या चित्रपटांना मानवतो. निवड समितीसाठी चित्रपटाचा ऑनलाइन दुवा पाठवताना तो पासवर्डने बंद ठेवावा. प्रवेश शुल्काचा आकडा बघता बघता फुगतो. दिसेल तिथे अर्ज भरण्यापेक्षा मागील तीन-चार वर्षांत एखाद्या महोत्सवाने आपल्या लांबीचे आणि आपल्या जातकुळीचे चित्रपट निवडले आहेत का ते पाहावे आणि मोजक्याच ठिकाणी पाठवावे. शुल्कमाफीसाठी नम्रपणे पत्र लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. अर्धवट संकलन केवळ अंतिम तारीख गाठण्यासाठी पाठवू नये, कारण नाकारलेला चित्रपट पुढच्या वर्षी पुन्हा पाहण्यास समिती क्वचितच राजी होते. आणि परदेशी महोत्सवांसाठी उपशीर्षके ज्याची ती भाषा मातृभाषा आहे अशा माणसाकडून तपासून घ्यावीत.

चित्रपटगृहात दाखवण्यासाठी डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज), म्हणजे चित्रपटगृहाच्या सर्व्हरवर चालणारी डिजिटल प्रत लागते. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत प्रणालीने ती घरीही करता येते. चित्रीकरणापासूनच सेकंदाला २४ चौकटी हा वेग ठेवला तर पुढचे रूपांतर टळते. प्रत कूटबद्ध केली तर प्रत्येक चित्रपटगृहाच्या सर्व्हरसाठी ठरावीक मुदतीची वेगळी किल्ली द्यावी लागते, आणि खेळाच्या संध्याकाळी ती चालली नाही तर प्रेक्षक रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतात. लहान चित्रपटाने खुली प्रत द्यावी हेच बरे. खेळाच्या आधी रिकाम्या सभागृहात सुरुवातीची पाच मिनिटे, सर्वांत हळू संवादाचा प्रसंग आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा प्रसंग चालवून पाहावा. यंत्रचालकाशी आवाजाच्या पातळीबद्दल बोलून ठेवावे, कारण जाहिरातींसाठी कमी केलेला आवाज तसाच राहतो आणि दोष चित्रपटाच्या माथी येतो.

उत्पन्नाचा हिशेब समजून घेतल्याशिवाय कोणत्याही करारावर सही करू नये. समजा कर वजा जाता तिकिटांचे १०० जमले आणि चित्रपटगृहाने निम्मे ठेवले. उरलेल्या ५० वर वितरकाची दलाली ३० टक्के असेल तर १५ गेले, राहिले ३५. पोस्टर, प्रती आणि प्रसिद्धी यांवर वितरकाने ३० खर्च केले असतील तर ते तो आधी वसूल करतो, आणि निर्मात्याच्या पदरात ५ पडतात. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण वजावटीची उतरंड बहुधा अशीच असते. म्हणूनच दलालीच्या टक्क्यांवर घासाघीस करण्यापेक्षा खर्चाला कमाल मर्यादा घालून घेणे आणि आपल्या लेखी संमतीशिवाय ती ओलांडता येणार नाही असे कलम टाकणे अधिक हिताचे ठरते. हिशेब किती महिन्यांनी मिळेल, तो तपासण्याचा अधिकार आपल्याला आहे का, कोणते प्रदेश आणि कोणती माध्यमे दिली आहेत, हेही नेमके लिहिलेले असावे. सर्व हक्क एकालाच देण्याऐवजी शैक्षणिक संस्था आणि स्वतः आयोजित केलेले खेळ यांचे हक्क राखून ठेवता येतात का ते आवर्जून विचारावे. मधला माणूस नसल्यामुळे छोट्या चित्रपटाला तिथूनच स्थिर उत्पन्न मिळू शकते.

आपल्या आणि मंचाच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या संस्थांबाबतही सावध राहावे. २०१९ मध्ये डिस्ट्रिबर ही अमेरिकी कंपनी कोसळली तेव्हा शुल्क भरून तिच्यामार्फत चित्रपट ऑनलाइन नेलेल्या अनेक निर्मात्यांचे येणे अडकले. पैसे कोणाच्या खात्यातून फिरून येतात हे विचारावे, आणि कंपनी बंद पडल्यास किंवा विकली गेल्यास हक्क विनाअट आपल्याकडे परत येतील असे कलम करारात असावे.

कराराची मुदत शक्यतो मोजक्या वर्षांची ठेवावी. मुदत संपून हक्क परत येतील तेव्हा चित्रपट नव्या ठिकाणी देण्यासाठी मूळ साहित्य आपल्याच हाती हवे: उच्च दर्जाची अंतिम प्रत, पडद्यावर नावे, उपशीर्षके अशी कोणतीही अक्षरे नसलेली प्रत, संवाद, संगीत आणि इतर ध्वनी यांचे वेगवेगळे ट्रॅक, उपशीर्षकांची फाइल, आणि सर्व करारांच्या स्कॅन केलेल्या प्रती. हे सर्व निदान दोन हार्ड डिस्कवर दोन वेगवेगळ्या जागी ठेवावे, वर्षातून एकदा उघडून तपासावे आणि डिस्क जुनी झाली की नव्या डिस्कवर उतरवून घ्यावे.