सुरी मुलाच्या बॅगेत आहे आणि तुम्ही बदलापूरला घर बघताय

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, ह्या ताई ठाण्यात किसन नगरला राहतात, घरात नवरा, बारावीतला सतरा वर्षांचा मुलगा आणि धाकटी मुलगी. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोयत्याचे नाहीतर चाकूहल्ल्याचे व्हिडिओ येतात, त्यामुळे यांना रात्री झोप लागत नाही, मुलीचा संध्याकाळचा क्लास बंद केलाय, आणि नवरा म्हणतो घर विकू, बदलापूरला जाऊ. ताई विचारतात, ठाणं खरंच इतकं बिघडलंय का, जावं का आम्ही? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ, की किचनमधली सुरी चार दिवस सापडत नव्हती ती मुलाच्या बॅगेत मिळाली, विचारलं तर म्हणाला सेफ्टीसाठी ठेवलीय.

मला खरं त्या शेवटच्या ओळीवरच बोलायचंय. पण आधी भीतीचं.

पेपरात किंवा ग्रुपवर 'ठाण्यात खून' असं येतं ना, तेव्हा ते ठाणे शहरच असेल असं नाही. ठाणे पोलिस आयुक्तालयात भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरसुद्धा येतं, म्हणजे एवढ्या सगळ्या शहरांतल्या भानगडी एकाच नावाखाली तुमच्या मोबाईलवर येऊन पडतात. नुसत्या ठाणे मनपाची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 18 लाखांच्या वर होती, आता तर विचारूच नका. आणि मिस्टरांना सांगा, बदलापूरला गेलात तरी आयुक्तालय हेच. त्यात रोज सकाळची लोकल पकडायची ती वेगळीच.

देशाचं चित्र बघितलं तर 1992 साली देशात 40 हजारांच्या वर खुनाचे गुन्हे नोंदले गेले होते, 2022 मध्ये 28,522, आणि मधल्या काळात लोकसंख्या किती वाढली ते तुम्हालाही माहितीय. म्हणून सगळं आलबेल आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, ज्या घरातला माणूस जातो त्या घराला आकडा घेऊन काय करायचंय. पण त्याच 2022 च्या आकड्यांत कारणं बघा. सगळ्यात जास्त, 9,962 खून भांडणातून, वादातून झालेत, मग 3,761 जुन्या वैरातून, आणि पैशाच्या किंवा कसल्या फायद्यासाठी केलेले 1,884. म्हणजे अंधारात दबा धरून बसलेला अनोळखी माणूस, ज्याच्या भीतीने तुम्ही पोरीचा क्लास बंद केलात, तो कमीच. वाद होतो तो बहुतेक वेळा ओळखीच्यांशी, शेजारच्या गल्लीतल्या, वर्गातल्या माणसाशी.

आणि आपल्याकडे वादाला काय लागतं हो? किसन नगरला खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या बिल्डिंगच्या ग्रीलला लागतो. बाईक कुठे लावली, पाणी कोणी जास्त ओढलं, जिन्यात कोण उभं राहिलं, माझ्याकडे खुन्नसने का बघितलं, इन्स्टाच्या स्टोरीवर काय टाकलं. पोरं म्हणतात "मॅटर झाला". पूर्वीही मॅटर व्हायचे, दोन कानाखाली, एखादा शर्ट फाटायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कट्ट्यावर बसायचे. तेच भांडण, तीच पोरं, फक्त एकाच्या बॅगेत सुरी असली की एक जण हॉस्पिटलमध्ये आणि दुसरा पोलिस स्टेशनात. ताई, स्पष्ट लिहिते त्याबद्दल माफ करा, पण आत्ता तुमच्या घरात सगळ्यात धोक्याची गोष्ट व्हॉट्सॲपवर नाहीये, त्या बॅगेत आहे.

मुलगा वाईट आहे असं मला वाटत नाही, तो घाबरलाय. रोज तेच व्हिडिओ तोही बघतोय, शिवाय कोणीतरी त्याला धमकी दिली असणार. म्हणून ओरडू नका, आणि मिस्टरांना पट्टा काढू देऊ नका, नाहीतर सुरी बॅगेतून निघून मित्राच्या घरी जाईल आणि तुम्हाला कळणारच नाही. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर, धाकटीला खाली पाठवून, एवढंच विचारा, की तुला भीती कोणाची वाटतेय? आणि मग गप्प बसा. खूप वेळ लागला तरी बसा.

त्याला हेही सांगा, की सोळा ते अठरा वयाच्या मुलाने खुनासारखा गंभीर गुन्हा केला तर 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो, "मी अजून मायनर आहे" हे दरवेळी चालत नाही. घाबरवण्यासाठी नाही, पोरांना हे खरंच माहीत नसतं.

नाव कळलं की त्या मुलाच्या आईकडे जा, एकट्या नको, बिल्डिंगमधलं ज्याचं दोन्हीकडे ऐकतात असं कोणी मोठं माणूस घेऊन जा. तुमच्यासारखीच तीही झोपत नसेल कदाचित. प्रकरण धमकीच्या पुढे गेलं असेल, कोणी पैसे मागतंय, मारहाण झालीय, तर पोलिस स्टेशनला लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या, तोंडी सांगून परत येऊ नका. अंगावर कोणी आलं तर लगेच 112 ला फोन करा. मुलगा अठराच्या आतला आहे, त्यामुळे 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर तो स्वतःही बोलू शकतो.

मुलीचा क्लास सोमवारपासून सुरू करा, पहिला आठवडा सोडायला-आणायला जा हवं तर. ग्रुप म्यूट करा, मुलाला पण करायला सांगा. घर विकायचं आत्ता नाही, भीतीत विकलेल्या घराला भावही येत नाही.

मॅटर कोणाशी आहे ते कळलं की मला परत लिहा, कोणाचं नाव टाकू नका. सुरी किचनमध्ये परत आली का तेवढं मात्र नक्की कळवा.